सुरीआधी सुई

आमच्या भागात मुलीच्या पोटदुखीचे खण ठरलेले आहेत. दहा वर्षांच्या आतली असेल तर जंत. त्यापुढची असेल तर पाळी. आणि पोट नुसतं दुखत नसून वाढतही असेल, तर आवाज खाली येतो, दार लोटलं जातं आणि चुलत्या-मावश्या बोटांवर महिने मोजायला लागतात. या तीन खणांत न बसणारं चौथं काही असू शकतं, हे बेळगाव तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात 26 वर्षे जीवशास्त्र शिकवूनही मी फार उशिरा शिकले.

नववीतली एक मुलगी होती. गाव सांगत नाही. तिच्या आईनं औषधाच्या दुकानातून गर्भचाचणीची पट्टी आणली आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्यानंतरचे सतरा दिवस त्या घरात जे झालं ते मला पुढे तिच्या आजीनं सांगितलं. त्यातलं एवढंच इथं लिहिते: "पोरगी देवाच्या शपथा घेऊन घेऊन दमली की हो बाई." अठराव्या दिवशी सोनोग्राफी झाली. गर्भाचा पत्ता नव्हता. डाव्या अंडाशयावर नारळाएवढी गाठ होती. गर्भारपणी शरीरात जे बीटा-एचसीजी संप्रेरक तयार होतं, तेच अंडाशयाच्या काही गाठीही तयार करतात, आणि पट्टीला फक्त ते संप्रेरक ओळखता येतं. ते कुठून आलं, हे ती सांगू शकत नाही. ते विचारायचं काम माणसांचं होतं.

ती मुलगी आज बरी आहे आणि तिच्या आईनं लिहायला होकार दिला, म्हणून हे लिहिते आहे.

अशी गाठ होते कशी? गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, पुढे ज्यांच्यापासून अंडी किंवा शुक्रजंतू होणार त्या मूळ पेशी गर्भाबाहेरच्या पिशवीच्या भिंतीत असतात. तिथून त्या सरकत सरकत अंडाशयात किंवा वृषणात येऊन वस्ती करतात. काही वाटेतच अडकतात, म्हणून याच जातीच्या गाठी कधी माकडहाडाशी, कधी छातीत, कधी मेंदूतही सापडतात. या पेशींच्या अंगी कोणताही अवयव घडवण्याची ताकद असते. ती भलत्या वेळी जागी झाली की गाठीत केस, दात, चरबी असं काहीही निघतं. अशा गाठीला टेराटोमा म्हणतात, आणि मुलींच्या अंडाशयावरच्या बऱ्याच गाठी अशा निरुपद्रवीच असतात. आमच्याकडे मात्र पोटातून केस निघाले की ती करणी ठरते आणि सर्जनच्या बिलामागोमाग देवऋष्याचंही बिल चालू होतं.

राहिलेल्या कर्करोगाच्या. 15 वर्षांखालच्या मुलांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत या जर्मसेल, म्हणजे वर सांगितलेल्या मूळ पेशींपासून झालेल्या, गाठी शंभरात साधारण 3 असतात, किशोरवयात हे प्रमाण वाढतं. त्याहून विरळ आहेत त्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या गाठी. चार-पाच वर्षांच्या मुलीला छाती येऊ लागते, रक्त दिसतं, आणि घरातली मोठी माणसं "उष्णतेचं आहे" म्हणून सब्जा भिजत घालतात. मुलग्यांत वृषणाच्या जर्मसेल गाठींचे, पहिल्या तीन-चार वर्षांत एकदा आणि वयात आल्यावर पुन्हा एकदा, असे दोन धोक्याचे काळ. तान्ह्याच्या वेळी आंघोळ घालणाऱ्या आईच्या हाताला ते कळतं. वयात आलेल्या मुलाच्या बाबतीत कुणालाच कळत नाही, कारण तो सांगत नाही. सांगितलंच तर "कबड्डीत लागलं" असं सांगतो. लागल्यानं गाठ होत नाही. लागलं म्हणून हात तिकडे गेला आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागली, इतकंच.

आता मुद्द्याचं. हा आजार बरा होतो, आणि तोही किरकोळ अर्थानं नव्हे. वृषणापुरती असलेली गाठ नीट काढली आणि पुढे नजर ठेवली, तर जवळपास सगळी मुलं जगतात. अंडाशयाची आणि पसरलेली धरूनही, नीट उपचार मिळालेल्या मुलांतली दहातली नऊ किंवा त्याहून अधिक जगतात. घन गाठींच्या कर्करोगांत इतका चांगला हिशेब फार थोड्या ठिकाणी आहे.

हा हिशेब कायमचा असा नव्हता. 1965 मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे संशोधक जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. त्यांच्या पात्रातल्या जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते धाग्यासारखे लांबत गेले. कारण वीज नव्हती, विजेच्या काड्यांतून सुटलेलं प्लॅटिनम होतं. बेळगावातल्या शहापूरच्या सराफांकडे ज्याची अंगठी मिळते तेच प्लॅटिनम, सिस्प्लॅटिन या नावानं औषध झालं. 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते दोन जुन्या औषधांच्या जोडीनं वृषणाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या जॉन क्लेलंड या तरुणाला दिलं. बाकी सगळे उपाय संपले होते. क्लेलंड बरे झाले आणि पुढे त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. ही गोष्ट मी दहावीच्या वर्गात कधी सांगितली नाही, याची मला खंत आहे. प्रजननाचा धडा मीही इतरांसारखाच "घरी वाचून या" म्हणून ढकलला. त्या वाक्यानं किती जणांचं तोंड बंद केलं असेल, त्याची मोजदाद नाही.

तर औषध पन्नास वर्षांपूर्वी सापडलं. ते महागही राहिलेलं नाही. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, ब्लिओमायसिन ही चारही औषधं देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि भारतात बनतात. मग आमच्या भागातली मुलं कुठे हरतात?

माझं म्हणणं असं की ती पहिल्या आठवड्यात हरतात, ऑपरेशनच्या पहिल्या टेबलावर.

त्या मुलीचंच पाहा. सोनोग्राफीत गाठ दिसली, घरच्यांना हायसं वाटलं (हो, हायसं, कर्करोग परवडला पण 'ते' नको, अशी आपली समाजव्यवस्था), आणि दोन दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ मोठी होती, चीर लहान ठेवली होती, "पोरीच्या लग्नाचं बघायला नको काय" म्हणून. काढताना गाठ फुटली. आधी रक्त तपासलं नव्हतं. अल्फा-फीटोप्रोटीन आणि बीटा-एचसीजी, अशा गाठी रक्तात सोडतात त्या खुणांच्या या दोन तपासण्या. हाताच्या शिरेतून रक्त घ्यायचं, बस्स. पोटात आत पसरलंय का ते पाहिलं नव्हतं, पाणी तपासायला घेतलं नव्हतं. दहा दिवसांनी अहवाल आला, जर्मसेल गाठ. पुढच्या डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशनआधीचे आकडे किती होते? आकडे नव्हते. कोणत्या टप्प्यावरचा आजार होता, हे आता कुणालाच सांगता येईना.

याची किंमत काय ते समजून घेण्यासारखं आहे. अंडाशयापुरतीच असलेली गाठ अखंड निघाली, आतली तपासणी पूर्ण झाली, तर काही मुलींना केमोथेरपी न देता फक्त महिन्याच्या महिन्याला रक्त पाहत थांबता येतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा 25 मुलींवर नुसती नजर ठेवली. साधारण निम्म्यांत आजार परतला. पण परतलेला आजार वेळेवर पकडला गेल्यामुळे औषध देता आलं आणि चार वर्षांनी शंभरात 96 या प्रमाणात मुली जिवंत होत्या. म्हणजे निम्म्या मुली औषधांच्या त्रासातून पूर्ण वाचल्या. आमच्या मुलीला ही संधीच राहिली नाही. गाठ फुटली, टप्पा कळला नाही, त्यामुळे केमो घ्यावीच लागली. सिस्प्लॅटिन कानांवर आणि मूत्रपिंडावर बेततं, ब्लिओमायसिन फुफ्फुसांवर. तिला आता वर्गात मागच्या बाकावरून बारीक आवाज ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, जीव वाचला, कानाचं काय घेऊन बसलात. मी शिक्षिका आहे, मला कानाचंही वाटतं.

मुलग्यांच्या बाबतीत पहिल्या सुरीची चूक निराळी असते. वृषणातली घट्ट, न दुखणारी गाठ काढायची ती जांघेतून चीर देऊन. अंडकोशाच्या पिशवीतून सुई खुपसून तुकडा घ्यायचा नाही, पिशवी कापायची नाही. तसं केलं तर आजाराला पसरायला नवी वाट मिळते आणि साध्या टप्प्यातलं मूल पुढच्या टप्प्यात जातं. "पाणी भरलंय" म्हणून हायड्रोसिलचं ऑपरेशन करायला गेले आणि आत गाठ निघाली, असं घडू शकतं. पाण्यातून टॉर्चचा उजेड आरपार जातो, गाठीतून जात नाही, आणि शंका असेल तर सोनोग्राफी आहे. यातलं काहीही बेंगळुरूहून मागवावं लागत नाही.

म्हणून लेखाचं नाव 'सुरीआधी सुई'. अठरा वर्षांखालच्या कुणाच्याही अंडाशयावर किंवा वृषणात गाठ दिसली, तर ऑपरेशनच्या आधी त्या दोन तपासण्यांसाठी रक्त घेतलंच पाहिजे, असा नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी आणि सरकारी आरोग्य योजनेतल्या खासगी हॉस्पिटलला लावावा. रिपोर्ट यायची वाट पाहायला नको, कारण अंडाशयाला पीळ पडला असेल तर तास मोलाचे असतात. पण रक्त आधी घेऊन ठेवायला पाच मिनिटं लागतात. योजनेचं बिल मंजूर करताना हे दोन आकडे मागितले की सगळे सर्जन महिन्याभरात शिकतील. आपल्याकडे परिपत्रकानं जे होत नाही ते बिल अडवल्यानं होतं. एक बारकावा: वर्षाच्या आतल्या बाळात अल्फा-फीटोप्रोटीन मुळातच जास्त असतं, त्यामुळे तो आकडा वयाप्रमाणे वाचावा लागतो. म्हणूनच रक्त घेणारा आणि वाचणारा हे दोघे वेगळे असले तरी चालतील, पण वाचणारा जाणता हवा.

इथे सीमेचा प्रश्न येतो.

आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की "मिरजेला न्या" म्हणतात. हा शब्दप्रयोग शंभर वर्षांहून जुना असावा. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं ते 1894 मध्ये, तेव्हा राज्यंच वेगळी होती. रेल्वेनं माणसं तेव्हापासून तिकडे जातात. 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेत नकाशा बदलला, सवय बदलली नाही. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला कोल्हापूर-मिरज जवळ, खानापूरच्या माणसाला हुबळी जवळ, आणि बेळगावातून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही जवळपास सारखीच, पाचशे किलोमीटरच्या आसपास. आजारानं कुठल्या दिशेला जायचं हे ठरवायचं असेल तर ते मुलाच्या गाठीनं ठरवावं. आमच्याकडे ते रेशन कार्ड ठरवतं.

कागदावर पाहिलं तर प्रधानमंत्री जन आरोग्य योजना देशभर चालते. पण 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव असलेली कुटुंबं वेगळी आणि राज्यानं स्वतःच्या खर्चानं त्यात घेतलेली वेगळी. दुसऱ्या गटाचं कार्ड हद्दीपलीकडे गेलं की नुसता पुठ्ठा. कर्नाटकात राहून मोठा उपचार घ्यायचा तर आधी सरकारी दवाखान्याची शिफारस-चिठ्ठी लागते. ती घेताना आधारवरचं नाव मराठी शाळेतल्या दाखल्याप्रमाणे, रेशन कार्डावरचं कन्नड उच्चाराप्रमाणे, आणि मग नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, दुरुस्तीचा फेरा. ज्या गाठी आठवड्यांत दुप्पट होऊ शकतात, त्यांच्यासाठी हा फेरा म्हणजे एक टप्पा पुढे.

2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आक्षेप घेतला. आमच्या बाजूला त्या दिवशी पेढे वाटले गेले, पलीकडे निषेध झाले. मी 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फूल वाहणारी बाई आहे, 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळी फीत लावते, तेव्हा मला कुणी शंकेनं पाहू नये. पण पेढा खातानाही मला वाटलं होतं की या योजनेकडे दोन्ही बाजू झेंडा म्हणून बघताहेत. एका राज्यानं दुसऱ्याच्या हद्दीत परस्पर योजना चालवावी का, हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. त्याचं उत्तर 'नको' असेल, तर मग दोघांनी बसून करार करावा. पाण्यावर लवाद बसतात, बससाठी आंतरराज्य करार होतात. कोल्हापूरची लाल बस बेळगाव स्थानकात रोज येऊन उभी राहते. मुलाच्या कर्करोगावर करार का नको?

इतक्या विरळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला एका निवृत्त डॉक्टर मित्रांनी विचारलं. "बाई, डेंग्यूला खाट मिळत नाही इथं, आणि तुम्ही शंभरात तीनचं घेऊन बसलात." त्यांचा राग खरा आहे. पण विरळ आजाराला खाटा लागत नाहीत, एक ठरलेलं दार लागतं. एका सर्जनच्या आयुष्यात अशी मुलं दोन-चार येणार. त्याला सगळं पाठ असावं ही अपेक्षाच चुकीची. त्यानं फोन कुणाला करायचा, एवढं ठरलेलं असावं. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी आहे. त्यात वेगवेगळ्या गावांतले डॉक्टर पडद्यावर एकत्र बसून अवघड रुग्णांचा विचार करतात. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटनही झालं. इमारती आहेत. तालुक्यातल्या टेबलापासून त्या इमारतीपर्यंतचा पहिला फोन नाही.

आणि सगळ्यात कोंडी होते ती चौदा-पंधरापासून पुढच्या मुलांची. बालरोगवाले म्हणतात, हा मोठा झाला. मोठ्यांच्या वॉर्डात मिशीवाल्या सत्तर वर्षांच्या आजोबांशेजारी त्याची खाट. मुलगी असेल तर बाळंतिणींच्या वॉर्डात. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या जुन्या चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात आजार पसरलेला असणं, गाठीची जागा आणि 11 वर्षांपुढचं वय या तीन गोष्टींनी निकाल बिघडतो असं दिसलं. ज्या वयाला सर्वांत अनुभवी हात हवेत, तेच वय आपण दोन वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात ठेवतो.

उपचारानंतरचं तर कुणी बोलतच नाही. आजार परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात रक्ततपासणी चुकवायची नसते. आणि नेमक्या त्याच काळात घरचे फाइल लपवतात. आमच्या मुलीच्या चुलत्यानं फाइल बंबात घालायचा बेत केला होता, स्थळं येतील म्हणून. एका अंडाशयावर पाळी येते, एका अंडाशयावर मूल होतं, हे मी त्याला त्याच्या ओसरीवर बसून सांगितलं. पस्तीस वर्षांचा माणूस, माझाच विद्यार्थी. "हे तुम्ही शाळेत शिकवलं नव्हतं की," म्हणाला. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

भाषेचं एक सांगते आणि आवरते. दवाखान्यात बोलणारी माणसं अडवत नाहीत. बेळगावातली सिस्टर कन्नडमध्ये सुरू करून मराठीत संपवते, कुणाला कळतही नाही. अडतो तो कागद. पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, कानांवर होऊ शकतो, हे लिहिलेल्या संमतिपत्रावर त्या मुलीच्या आईनं सही केली तेव्हा त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. अल्पसंख्य भाषक 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यावा, ही मागणी आपण सातबाऱ्यासाठी आणि पाट्यांसाठी वर्षानुवर्षं करतो. संमतिपत्रासाठी केलेली मला आठवत नाही.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरेल. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा होईल किंवा परवानगी नाकारली जाईल. दोन्हीकडे द्यायला मी एक पानाचा अर्ज केला आहे, एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. मागणी इतकीच: ऑपरेशनआधी रक्त, एक ठरलेला फोन, आणि मुलाच्या कर्करोगाला कार्डाची हद्द नको, यासाठी दोन राज्यांचा करार. कन्नड मजकूर शेजारच्या सरकारी कन्नड शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीनं लिहिला. तिनं मराठी बाजूही वाचली आणि एकच दुरुस्ती केली. मी 'लहान मुलं' लिहिलं होतं. तिनं ते खोडून 'अठरा वर्षांपर्यंतची' केलं आणि म्हणाली, "नाहीतर आमच्या-तुमच्या नववी-दहावीच्या वर्गातली पुन्हा सुटतात बघा."